वाजवलं का?

प्रिय वर्षाली,

पत्र पाहून म्हणशीन, कांतामावशीले फोन काऊन नाई करता येत. येते ना बाप्पा! पण बाबाचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, अन् मले तर त्याईचंच नाव काढायचं आहे. आठ महिने झाले तू बापाशी बोलली नाई. तिकडे चाकणच्या खोलीत तू डूख धरून बसली, अन् इकडे पवनारात त्याईचं काय होऊन राह्यलं, ते तुझ्या कानावर जातच नाई. आपल्या फॅक्टरीतला हरिदास कामाच्या शोधात तिकडेच येऊन राह्यला, त्याच्या हाती हे देते. रागावजो, फाडजो, पण आधी शेवटपर्यंत वाचजो.

आपल्या फॅक्टरीचे साचे परवा गेले. पवनचक्कीची पाती ज्यात ओतायचो ते दोन्ही लांबलचक साचे. तीन ट्रेलर आले, पोलीस आले, नागपूर रोड दोन तास अडला. आपला धरण्याचा मंडप अजून गेटसमोर आहे, पण आता सहा-सात जणीच बसतो. शकुबाई ट्रेलरसमोर आडवी पडली, तर दोन पोलीसबायाईनं तिले पोत्यासारखं उचलून बाजूले ठेवलं. तू रंगवलेला फलक, 'वारा चालू आहे, काम काऊन बंद?', चाकाखाली गेला. हरिदास त्याचे तुकडे गोळा करत होता अन् रडत होता, एवढा दांडगा माणूस! मी मात्र जागची हलली नाई. मले आडवं पडायचा हक्क नाई असं वाटलं.

तू गेल्यावर तुझ्या बाबाची काय गत झाली, हे तुले कोणी सांगतलं नसीन. ज्या डोमाजीभाऊच्या मागं आपण अडीचशे जण पवनारहून वर्ध्याले कलेक्टर ऑफिसवर पायी गेलतो, ज्याईच्या पायाले फोड आले तरी बसमध्ये पाय ठेवला नाई, त्याईले आता टपरीवर कोणी सरकून जागा देत नाई. किसनराव तर तोंडावर बोलले, कितीत विकलं आम्हाले? डोमाजीभाऊनं ऐकून घेतलं, अर्धा चहा ठेवला अन् निघाले. आता भाजी आणाले सुद्धा बसनं वर्ध्याले जातात, गावात कोणाची नजर नको म्हणून. वाळले गं लय. शर्ट अंगावर लोंबून राह्यला. मी कधी डबा घेऊन गेली की विचारतात, पोट्टी वेळेवर जेवत असीन ना? मी म्हणते, हो. मले काय माहीत तू जेवतेस की नाई.

तू ऑफिसात बसायचीस, म्हणून आमच्या आतल्या गोष्टी तुले अर्ध्याच माहीत. पातं तयार झालं की मी त्याच्यावर नाणं ठोकत जायची, बुडापासून थेट टोकापर्यंत. आत कुठं पोकळ राहिलं असीन तर आवाज भद्द येते. सारं पातं असं ऐकून झालं की कागदावर पहिली सही माझी, अन् तिच्याखाली बाकीच्याईच्या, न वाचता. कोणी विचारायचं, वाजवलं का? मी म्हणायची, वाजवलं. बस्स, विषय खतम. पुढं पुढं तर ती म्हणच पडून गेली. हरिदाससाठी पोरगी पाहून आलो तरी पोट्टे मलेच विचारत, मावशी, वाजवलं का? मी मान डोलावली की हसून हसून बेजार व्हायचे. सोळा वर्षांत मी एक पातं बिनावाजवलं सोडलं नाई. याचा मले गर्व होता, खोटं काऊन बोलू?

धरण्याच्या एकसष्टाव्या दिवशी कंपनीचा एक माणूस मंडपात आला. डोमाजीभाऊ वकिलाकडे वर्ध्याले गेलते. तो म्हणे, उद्या मोठ्या साहेबांसोबत बैठक आहे, हजर राहणाऱ्याईच्या सह्या पायजेत. आम्ही केल्या. तो कागद हजेरीचा नव्हता, स्वखुशीनं नोकरी सोडल्याचा होता, हे दुसऱ्या दिवशी गेटवर चिकटवल्यावर कळलं. अडीचशे सह्या, अन् सगळ्यात वर माझी. लोकं माझ्या अंगावर धावून आले. तेव्हा डोमाजीभाऊ मधात उभे राहिले अन् म्हणाले, कांताबाईचा काही दोष नाई, मीच फोन करून तिले सांगतलं, सह्या घ्या म्हणून. तू तिथंच होतीस. तुझं तोंड मी पाहिलं. दोन दिवसांनी तू बॅग भरून बसमध्ये बसली, अन् बाप स्टँडवर आला तर खिडकी लावून घेतली.

तो फोन आलाच नव्हता, वर्षाली. माझा चष्मा घरी राहिलता. कागदावरचं एक अक्षर मले दिसत नव्हतं, अन् एवढ्या लोकाईत तसं म्हणायची लाज वाटली. शकुबाईनं विचारलं, वाजवलं का? मी म्हटलं, वाजवलं. एवढंच झालं. मागून मी डोमाजीभाऊच्या पाया पडली, खरं सांगून टाकते म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही एकट्या बाईमाणूस, तुम्हाले लोकं जगू देणार नाई, माझी पोट्टी आज ना उद्या मले समजून घेईन. अन् मी गप्प राह्यली, कारण मले ते सोपं पडलं. आता नवीन वकील म्हणते, सह्या फसवून घेतल्या असं कोणी कोर्टात उभं राहून सांगतलं तर केस चालीन. सोमवारी मी सांगणार आहे, साऱ्याईसमोर. गेलेले साचे परत येतीन असं मले वाटत नाई, पण सांगणार आहे. मंग लोकाईनं माझं काय करायचं ते करावं. तू फक्त एक कर, माय. सोमवारच्या आधी बाबाले फोन करजो, अन् हे पत्र मिळाल्याचं सांगू नको. सोमवारनंतर तर सारं गाव त्याईच्या दारात येईन. गाव अजून त्याईले विकणारा म्हणत होतं, तवाच आपल्या पोरीनं फोन केला, एवढं त्याईच्या जवळ राहू दे.

अजून मावशी म्हणशीन तर तुझीच,
कांता