आठ नंबरवर नजर

२ तारीख, सकाळी.
पुलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलींची मिळून एकच फुटबॉल टीम होणार. दोन्ही बाजूंचं वीस वर्षं बोलणं नाही, ते आता पोरी खेळून सुधारणार म्हणे. कल्पना पीटीच्या बाईंची. पण जर्सी मी शिवणार, म्हणजे खरी एकी माझ्याच मशीनवर होणार. संकल्प: कोणावरही संशय घ्यायचा नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
टीमच्या कमिटीवर माझ्यासोबत पलीकडचा वायरमनही आहे. स्वतःहून मला चहा पाजला. का?

४ तारीख.
आपल्या मुलींची मापं टेपने घेतली. पलीकडच्यांची दुकानाच्या माडीवरून, नजरेने. त्यासाठी पूल ओलांडायची गरज काय? तीस वर्षांचा अनुभव आहे. जर्सी सगळ्यांना एकसारखी. फक्त विषम नंबर आपल्याला, सम त्यांना. हा भेदभाव नव्हे, सोय आहे. माझ्या लेकीला सात, वाढत्या अंगाला जरा सैल.

९ तारीख, संध्याकाळी.
सराव सुरू. माडीच्या खिडकीतून सगळं मैदान दिसतं. चेहरे दिसत नाहीत. चष्मा बदला, असं बायको म्हणते. पाठीवरचे आकडे दिसतात, तेवढे पुरे. सात आणि आठ नंबर कपडे बदलायच्या खोलीत गेल्या, दोन मिनिटांत बाहेर. काहीतरी शिजतंय. वेगळी वही केली.

११ तारीख.
सात नंबर: शिस्त, सुंदर पास, नम्रपणा. घरचं वळण लपत नाही. आठ नंबर: बॉल सोडत नाही, सगळ्यांवर ओरडते, धक्के मारते. तेही घरचंच वळण.

१३ तारीख.
आठ नंबर सपशेल आपटली. वाईट वाटायला हवं होतं. रात्री जेवताना पाहिलं तर लेकीचा गुडघा सोललेला. आठ नंबरनेच पाडलं असणार. लेक म्हणे, मीच पडले. त्यांना पाठीशी घालते! वर म्हणाली, बाबा, एकदा मैदानावर या ना. म्हटलं, दुकान कोण बघणार?

१६ तारीख.
आठ नंबरने मागे वळून थेट माझ्या खिडकीकडे हात हलवला. काय हा उद्धटपणा. पडदा ओढून घेतला. पुढचं फटीतून पाहिलं.

१९ तारीख.
कमिटीपुढे पाच पानी तक्रार. मागणी: आठ नंबरला तालुका स्पर्धेच्या फायनलमधून वगळा. मुद्दाम फक्त नंबर लिहिला, बाजू नाही. माणसाने मन मोठं ठेवावं. बाईंनी तीनदा विचारलं, नक्की ना? वायरमन तर हात जोडून म्हणाला, एवढे कठोर होऊ नका, पोर आहे ती. मी म्हटलं, न्याय करताना नातं बघायचं नसतं. बाई म्हणाल्या, इतका निःपक्षपाती माणूस मी पाहिला नाही. फेरविचार होणार नाही, असंही लिहून घेतलं. कमिटीचा अध्यक्ष आता मीच होणार.

२० तारीख.
लेक जेवली नाही, बोललीही नाही. फायनलचं टेन्शन. बायकोही बोलत नाही. तिला कसलं टेन्शन?

२१ तारीख, फायनल.
पहिल्यांदाच मैदानावर उतरलो. बाकावर लेक बसलेली, घरच्या कपड्यांत. शेजारी एक थोराड मुलगी, अंगात सात नंबर. वायरमनची मुलगी. आठची जर्सी तिला खांद्यात बसेना, म्हणून दोघींनी पहिल्याच दिवशी अदलाबदल केली होती. बाईंना माहीत होतं. वायरमनलाही. त्यांना वाटलं, मलाही माहीत आहे.

मैत्रीण नाही तर मीही नाही, म्हणून सात नंबरही खेळली नाही. आम्ही चार गोलांनी हरलो.

लेकीने विचारलं, पाच पानं लिहिलीत, मग एकदाही खाली का नाही आलात? म्हटलं, लांबून जास्त नीट दिसतं.

ती बाकावरून उठली. वायरमनच्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून पूल ओलांडून पलीकडे जेवायला गेली.