डावीकडची बाटली

सरावली, बोईसर
५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
स्वातीचा सा. न. वि. वि.

केंद्रात तुमचा फोन जमा करून घेतल्यापासून मला पत्रं लिहायला शिकावं लागतंय. शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं, त्यानंतर हेच. अक्षराला हसू नका.

लॅबमध्ये मी उंदरांचं नेमकं काय करते असं तुम्ही नेहमी विचारायचात आणि मी उडवून लावायची. आता सांगते. आम्ही त्यांना दारू देतो. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची आणि एक दारू मिसळलेल्या पाण्याची. कोण किती प्यायलं ते रोज सकाळी बाटल्यांचं वजन करून लिहायचं. दारूची ओढ कमी करणारं एक औषध आहे, त्याची ही चाचणी. थोडी पोटात गेली की एरवी भिंत न सोडणारा उंदीर उंचावरच्या उघड्या फळीवर बिनधास्त चालत जातो. परवा एक असा गेला आणि मला तुम्ही आठवलात, काकांच्या मितेशच्या हळदीत विहिरीच्या कठड्यावर चढून गाणारे. हसू आलं, पण टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि पिंजऱ्याचं दार वाजलं तरी दचकत होता.

गेल्या रविवारी केळव्याला जाऊन आले. आई बरी आहे. तुमचा विषय काढला की उठून जाते. वाडीच्या कामाला जमना येते, पण पानवेलीला पाणी लावायला आई तिला पाठवत नाही. उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, स्वतःच मोटारीच्या खोपटात जाते.

जेवा नीट. गोळ्या गालात धरून नंतर थुंकू नका, तुमच्या युक्त्या मला ठाऊक आहेत.

उत्तराची वाट बघते आहे. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
स्वाती


व्यसनमुक्ती केंद्र, वाणगाव
११ जानेवारी २०२५

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. शेजारच्या खाटेवरच्या नामदेवला वाचून दाखवले. हा रिक्षा चालवायचा. तो म्हणाला, "तुज्या पोरीचे उंदीर बरे. त्यांना दुसरं कोन तरी पाजतं. आमी आपली आपनच घेतली."

आता मुद्द्याचे. आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. हात कापत नाहीत, भूक लागते, झोप येते. नव्वद दिवस भरण्याआधी सुटायचे तर ज्याने दाखल केले त्याची सही लागते, म्हणजे तुझी. तेवढी येऊन कर. पानवेलीकडे बघायला माणूस नाही. आणि पंचवीस वर्षे कारखान्यात बॉयलर सांभाळलेल्या माणसाला इथे सकाळी टाळ्या वाजवून प्रार्थना म्हणायला लावतात, ते तुला बघवणार नाही.

आणखी एक. आईला मोटारीच्या खोपटात जाऊ देऊ नकोस. स्टार्टरची वायर उघडी आहे, शॉक बसेल. मी येईपर्यंत शेजारच्या रामाला मोटार लावायला सांग, पण त्यानेही आत उगाच रेंगाळू नये.

तुझ्या आईने अजून एक ओळ लिहिलेली नाही. रागावली असेल तर रागाचे लिही म्हणावे, पण काही तरी लिही.

सहीचे विसरू नकोस. तब्येतीला जप.

तुझा,
बाबा


सरावली
१९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी सही करणार नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर शेवटापर्यंत माझा धीर टिकायचा नाही.

आठवडाभर धड झोप नाही. कारण सांगते. आमच्या उंदरांच्या एका गटाची दारूची बाटली तीन आठवडे काढून घेतली होती. ते छान शांत झाले, खायला लागले, वजनं वाढली. तुम्ही लिहिलंत ना, अगदी तसे. बुधवारी बाटली परत लावली. बाबा, ते पूर्वीपेक्षा जास्त प्यायले. सगळे नाही, पण बरेच. मी आकडे लिहीत होते आणि तुमचं पत्र माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात होतं. 

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. दोन बाटल्यांच्या जागा आम्ही रोज बदलतो, डावीकडची उजवीकडे, कारण उंदराला बाजूचीही सवय लागते. तुम्हाला केंद्रात सोडून आल्यावर माझं लक्षच नव्हतं, तीन दिवस मी त्या बदलल्या नाहीत. दारू डावीकडेच राहिली. चौथ्या दिवशी बदलल्या, तर अकरा नंबरचा उंदीर सरळ डावीकडे गेला. पाणी चाटलं, थांबला, वास घेतला. दारू वीतभर अंतरावर उजवीकडे होती, पण तो पुन्हा पुन्हा डावीकडेच येत राहिला. मी सरांना चूक सांगितली. ते चिडले, त्या दिवसांचे आकडे रद्द झाले. पण तो उंदीर काही केल्या डोक्यातून जात नाही.

तुमची डावी बाजू कुठली, बाबा? नाक्यावरचा गुत्ता मला माहीत आहे. आणखी कुठे आहे का? असेल तर घरी येण्याआधी सांगा. घरात पुन्हा बाटली दिसली तर आई कायमची मामाकडे जाणार आहे. ती नुसतं म्हणत नाही, पलंगाखाली तिची बॅग भरून ठेवलेली मी पाहिली. मला फार भीती वाटते.

वायरचं आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाजी चिरत राहिली.

माझ्यावर हवे तेवढे रागवा, पण पत्र थांबवू नका.

तुमची,
स्वाती


वाणगाव
२८ जानेवारी २०२५

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

तुला उत्तर द्यायला उशीर केला. पहिले चार दिवस रागात गेले. पोरीने मला उंदरांच्या रांगेत नेऊन बसवले, असे नामदेवला म्हणालो. तो म्हणाला, "तिनं नाय बसवलं, आपनच बसलोय. तिनं काय इचारलंय त्याचं बोल." नंतर दोन पत्रे लिहिली आणि फाडली. हे तिसरे.

खोपटातली वायर उघडी नाही. स्टार्टरच्या पेटीच्या डाव्या अंगाला रिकामी पोती टांगलेली आहेत, त्यांच्यामागे भिंतीतली एक वीट निघालेली आहे. तिथे बाटली आहे, पाऊण भरलेली. नाक्यावर जाणे सोडले असे तुम्हा दोघींना सांगितले होते, ते खरे होते. संध्याकाळी पाणी लावायला म्हणून जायचो. पानवेलीला इतके पाणी लागत नाही.

हे कुणालाच ठाऊक नाही. इथे रोज सहा वाजले की ती वीट डोळ्यांसमोर येते. मला पानवेलीची घाई नव्हती. तू सही केली असतीस तर घरात पाऊल टाकण्याआधी मी तिथे गेलो असतो. हे लिहिताना लाज वाटते.

ती बाटली काढून टाक. आईला सांगायचे की नाही ते तू ठरव. कळले तर ती जाईल, याची मला धास्ती आहे. पण लपवून आलो तर मीच तिला घालवीन.

बाप म्हणून आशीर्वाद देतो आहे, तेवढा घे.

तुझा,
बाबा


केळवे
३ फेब्रुवारी २०२५

स्वातीच्या बाबांस,
विजयाचा नमस्कार वि. वि.

काल स्वाती आली. तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. वाचताना रडत होती, मी रडले नाही.

ती वीट मला गणपतीपासून माहीत आहे. पोती झटकायला काढली तेव्हा दिसली. तुम्हाला बोलले नाही. बाटलीवर कुंकवाची बारीक रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती उतरली ते बघायची. तुम्ही नवीन आणलीत की नवीन रेघ. तुम्ही तिकडे गेल्यावर ती उतरणार कशी, तरी रोज जाऊन बघायची. तुम्ही घरी आलात की पहिल्या सकाळी रेघ बघायची आणि मग बॅग उचलायची की नाही ते ठरवायचं, असं माझं होतं. म्हणून पत्र लिहिलं नाही. मनात हे ठेवून खुशाली काय विचारू?

स्वातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, तूही घरात लॅबच काढलीस.

बाटली मी माझ्या हाताने पाटात ओतली. राग आला होता आणि आहे. पण तुम्ही आपणहून सांगितलंत, ते मला हवं होतं. बॅग रिकामी करून साड्या कपाटात ठेवल्या. रामाकडून ती वीट सिमेंट लावून बसवून घेतली. पाणी यापुढे सकाळी लावायचं, दोघांनी जाऊन. संध्याकाळी तुम्ही पानांच्या जुड्या बांधायला माझ्याजवळ ओटीवर बसायचं.

स्वातीने त्या अकरा नंबरच्या उंदराचं सांगितलं तेव्हा मी हसले होते. आज सकाळी उठले आणि चहाच्या आधी माझे पाय खोपटाकडेच गेले. पोती बाजूला केली. तिथे ओलं सिमेंट होतं. तशीच थोडा वेळ उभी राहिले. मग मोटार लावली आणि घरी येऊन चहा ठेवला.

बावीस तारखेला न्यायला मीच येते. तोवर गोळ्या वेळेवर घ्या, आणि माझ्यावरचा लोभ बाकी असेल तर तो सोबत घेऊन या.

तुमची,
विजया