लाल दिवा विझला आहे

अहो,

गाडी मी नेली आहे, शोधत बसू नका.

ब्रेकचा लाल दिवा जळतोय, म्हणून लांज्याला दादाच्या घरभरणीला जाता येणार नाही, असं तुम्ही काल पुन्हा सांगितलंत. आज तुम्ही फिरायला गेल्यावर मी गॅरेजवाल्या विनीतला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, मग ऑइल बघा." हँडब्रेक एक खटका वर होता. खाली केला आणि दिवा विझला. तरी बॉनेट उघडून पाहिलं, ब्रेक ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे. गल्लीत फेरी मारून ब्रेकही दाबून पाहिले, चांगले लागतात.

इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाचा हँडब्रेक आठवडाभर चुकून वर राहत नाही, एवढं मला कळतं. मागच्या वेळी दादाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "भावोजी, गाडी चालवत आणलीत की ढकलत?" तुम्ही हसलात, पण नीट जेवला नाहीत, तेही मी पाहिलं होतं.

दादाला मी फोनवर चांगलं सुनावलं आहे. तो म्हणतो, घरभरणीची बुद्धवंदना भावोजींनीच घ्यायची, ते येईपर्यंत कोणी जेवणार नाही. तेव्हा उशीर केलात तर सगळा गाव तुमच्या नावाने बोटं मोडेल. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. स्टँडवरून लांज्याची एसटी पकडा.

परत येताना गाडी तुम्हीच चालवा. घाटात मला अजून धडकी भरते. दादाला हे सांगणार नाही.

दर्शना