महिपती आजोबांची आफ्रिका

अंबरनाथ (पूर्व),
२० सप्टेंबर १९९२

तीर्थरूप चांगुणा आत्याच्या चरणी,

सुदामचा जयभीम. माझ्या जनाबाईचाही जयभीम, आणि तिचा माझ्यापेक्षा चार बोटं जास्त वाकून आहे असं तिने आवर्जून लिहायला सांगितलंय. तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस की नुसतं फळीवर ठेवून त्याला वास येतो म्हणतेस? (वास येतोच. वास नसलेल्या तेलाने कुणाचा गुडघा बरा झालेला मी तरी ऐकलेला नाही.) आम्ही इकडे मजेत आहोत. रंगाच्या कंपनीत काम करून माझी नखं या महिन्यात निळी आहेत, गेल्या महिन्यात पिवळी होती. बाकी बदल नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या दिवाळीत तू मला माजघरात बसवून सांगितलंस की आपल्या वाडीत समाजमंदिराबाहेर लढाईवर गेलेल्यांच्या नावाचा दगड बसणार आहे, त्यात तुझ्या बापाचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, नाव घ्यायला गावकरी तयार नाहीत, कारण सरकारी कागद नाही. "माझ्या बापसाने आफ्रिकेत जर्मनाची गोळी पायात घेतली, आणि ह्यांना कागद हवा," असं म्हणून तू पदर डोळ्यांना लावलास. तुला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तुझ्या मालकांच्या, आमच्या मामांच्या, मयतीला. मी तिथल्या तिथे शब्द दिला. माझं हेच चुकतं. शब्द द्यायला मी नेहमी पुढे, आणि टपाल हापिसात रांगेला उभं राहायचं म्हटलं की मला ताप येतो.

तरी मी अर्ज केला. महिपती गमरे, दुसरं महायुद्ध, आफ्रिका, डावा पाय. मार्चात उत्तर आलं, इंग्रजीत. पहिलंच वाक्य असं की महिपती नावाचा एक शिपाई उत्तर आफ्रिकेत जखमी झाल्याची नोंद आहे. आत्या, मी पुढचं वाचलंच नाही. तो कागद घेऊन मी सरळ कंपनीत गेलो. तिथून बातमी आमच्या वस्तीच्या जयंती मंडळात गेली, आणि चौदा एप्रिलला मंडळाने स्टेजवर बोलावून माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. (शाल चांगली आहे. तुझ्यासाठी ठेवली आहे.) दोन शब्द बोला म्हणाले. मी चाळीस मिनिटं बोललो. वाळवंट सांगितलं, रणगाडे सांगितले, आजोबा गोळी लागल्यावरही तीन मैल सरपटत गेले ते सांगितलं. तीन मैल कुठून आले ते मला माहीत नाही, पण बायका रडत होत्या, मग मी त्याचे पाच केले.

घरी आल्यावर जनाबाईने, नारळ फोडता फोडता, विचारलं की पत्राची दुसरी बाजू वाचली का. दुसऱ्या बाजूला लिहिलं होतं की हा महिपती सातारा जिल्ह्यातला असून तिथेच आफ्रिकेत वारला. तुमचे महिपती कोण ते ठरवण्यासाठी कृपया नंबर कळवा. म्हणजे ज्या माणसाची मी स्टेजवर तारीफ केली तो दुसऱ्याच कुणाचा तरी आजोबा. मी आठ दिवस मंडळाच्या रस्त्याने गेलो नाही, मागच्या नाल्यावरून जात होतो.

मग तुझ्याकडच्या आजोबांच्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर मागवला, तो कळवला, आणि जूनमध्ये दुसरं पत्र आलं. या वेळी मी दोन्ही बाजू वाचल्या, मग जनाबाईने वाचल्या, मग शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतल्या. तिघांनाही एकच दिसलं. महिपती गमरे, स्ट्रेचर उचलणारे जवान, सन बेचाळीस ते पंचेचाळीस, लष्करी इस्पितळ, कल्याण कॅम्प.

आत्या, कल्याण कॅम्प म्हणजे आजचं उल्हासनगर. अंबरनाथहून एक स्टेशन. मी तिथे दर दिवाळीला पोरांचे कपडे घ्यायला जातो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. तुला काय सांगायचं हेच कळेना. लिहिणार होतो की कागद सापडत नाही, उंदरांनी खाल्ला. पण जनाबाई म्हणाली, आधी बघून तर या माणूस राहिला कुठे होता. म्हणून एका रविवारी उल्हासनगरात कॅम्प तीनमध्ये उतरलो आणि मिलिटरीचं इस्पितळ कुठे होतं ते विचारत फिरलो. एका पापडवाल्या सिंधी शेठने मला स्टुलावर बसवलं, न मागता पापड भाजून दिला आणि म्हणाला, "साईं, ये पूरा शहर ही मिलिटरी का है. पार्टिशन के बाद हमको बैरक में ही डाला. तुमको कौनसा बैरक मंगता?" मी आजोबांचं सांगितलं. मग त्याने मागची लांबलचक कौलारू बराक दाखवली. तिचे आता बारा तुकडे झालेत आणि प्रत्येकात एक बिऱ्हाड आहे. म्हणाला, बदलापूरजवळच्या सोनिवलीचा एक म्हातारा वर्षातून एकदा येतो, या ओट्यावर तासभर बसतो, चहाही घेत नाही, आणि जातो. तोही हेच म्हणतो, इथे इस्पितळ होतं.

पुढच्या रविवारी मी सोनिवलीत. म्हाताऱ्याचं नाव हिंदुराव. मूळचे कराडकडचे, लढाई संपल्यावर इकडेच गिरणीत लागले आणि राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या कानाने बहिरे, आवाज मात्र असा की कुजबुजले तरी पलीकडच्या कुळगावात ऐकू जावं. मी आजोबांचं नाव घेतलं तर खाटेवरून उठून उभे राहिले. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून इकडेतिकडे फिरवून बघितला, जसं कलिंगड घेताना बघतात, आणि म्हणाले, "नाक त्याचंच हाय."

आत्या, आता जे लिहितो ते हळू ऐक.

ब्रह्मदेशाच्या बाजूने जखमी सैनिकांनी भरलेल्या गाड्या यायच्या. त्या उतरवून घ्यायचं काम आजोबांचं आणि हिंदुरावांचं, एका स्ट्रेचरची दोन टोकं. हिंदुराव स्वतःच म्हणाले, "पयल्या दिवशी म्या त्याच्या हातचं पानी घेतलं न्हाई. लाज वाटती सांगाया. दुसऱ्या दिशी चाळीस स्ट्रेचर उतरवलं उनात, आन त्यानं तांब्या फुडं केला. घेतला. मग तीन वर्सं त्योच तांब्या." जखमी पोरं कुठल्या कुठल्या मुलखातली, कुणाची भाषा कुणाला कळत नसे. आजोबा सगळ्यांशी आपल्या वाडीच्या भाषेत बोलायचे. गाडीपासून वॉर्डापर्यंत एकच वाक्य: पोचलो हां बाळा, पोचलो, आता वायच राहिलां. हिंदुराव म्हणतात, पठाणाची पोरंसुद्धा ऐकून गप्प पडायची.

आणि पाय. एका पावसात डब्याच्या पायरीवर हिंदुरावांचा हात सुटला. स्ट्रेचर खाली चाललं. वरच्या पोराच्या पोटाला टाके होते. आजोबांनी खाली आपला पाय घातला. पोरगं वाचलं, पायाचं हाड मोडलं ते वाकडंच बसलं. गोळी नव्हती, आत्या. हिंदुराव हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. पन्नास वर्षं झाली तरी त्यांच्या मते तो पाय त्यांनीच मोडलाय.

मग मी विचारलं, आफ्रिका कुठून आली? तर म्हातारा हसायलाच लागला. आजोबांना लिहिता येत नसे, घरची पत्रं हिंदुराव लिहायचे. कुठे आहोत ते लिहायची बंदी होती. आणि तू, आठ वर्षांची, शाळेच्या गुरुजींकडून पत्र लिहून घेतलंस की बाबा, मी सगळ्यांना सांगितलंय तुम्ही आफ्रिकेत आहात, तिथे सिंह आहेत का? आजोबा ते पत्र घेऊन संध्याकाळभर बसले. हिंदुराव म्हणाले, खरं सांगून टाक की. आजोबा म्हणाले, पोर वाडीत मान वर करून फिरते, ती मी कशाला खाली घालू? लिही, सिंह आहेत, पण मला बघून पळतात.

मग काय, दर पत्राला तुझा प्रश्न आणि दर पत्राला यांचं उत्तर. हत्ती झाले, शहामृग झाला. शहामृग दोघांपैकी कुणीच पाहिलेला नव्हता, म्हणून हिंदुरावांनी त्याला शिंगं लिहिली. आणि आजोबा लंगडत घरी आले तेव्हा तू नदीच्या उतारावरूनच ओरडत सुटलीस, बाबांना गोळी लागली, गोळी लागली. हे आजोबांनी नंतर हिंदुरावांना येऊन सांगितलं. म्हणाले, मी तोंड उघडणार होतो, पण तोवर तिने अख्खी वाडी जमवली होती.

तर आत्या, तुझा बाप तुझ्याशी खोटं बोलला असेल, पण सुरुवात तू केलीस. मला राग आला असेल तर एवढ्याचाच की आजोबा गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि त्यांनी मला कधी उचलून घेतल्याचं मला आठवत नाही. इतक्यांना उचललं त्यांनी. तुला आठवत असेल तर कळव, मला घेतलं होतं का.

सरकारी कागद सोबत जोडला आहे. दगडावर नाव येणार, याबद्दल खात्री बाळग. गावकऱ्यांच्या फॉर्मात "कुठे लढले" असा रकाना आहे, तो मी रिकामा सोडलाय. तू सांगशील ते लिहू. सगळ्यांना जयभीम, लहानांना गोड पापा.

तुझा,
सुदाम

ता. क. १ : द्रौपदी वहिनी, आत्याला वाचता येत नाही आणि पत्र तूच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तर हे पत्र आधी तू एकटीने वाच, आणि पायाचा मजकूर आत्या जेवल्यानंतर, बसलेली असताना, जपून सांग. (हे वर लिहायला हवं होतं हे आत्ता लक्षात आलं. वाचून झालं असेल तर तिला पाणी दे.)

ता. क. २ : आत्या, मंडळात जाऊन मी खरी हकीकत सांगितली. शाल परत देत होतो. अध्यक्ष म्हणाले, राहू द्या, आणि पुढच्या चौदा एप्रिलला स्टेजवर येऊन हीच गोष्ट सांगा. पण दहा मिनिटांत.

ता. क. ३ : हे पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. दगडाच्या कार्यक्रमाला दसऱ्याला हिंदुरावांना वाडीत घेऊन येऊ का? ते माईकवर बोलणार, आणि त्यांना मध्ये थांबवणं कुणाच्याने होत नाही, तेव्हा आफ्रिका वाचवायची असेल तर तू आधी त्यांच्याशी बोलून घे. माझी हरकत नाही. ते मला दर रविवारी विचारतात, पत्रातलं पोरीला खरं वाटलं का रे? मी सांगतो, पन्नास वर्षं वाटलं. त्यांना भात मऊ लागतो, आणि बोलायचं ते त्यांच्या उजव्या बाजूला बसून. नको असेल तर तसं कळव, पण मला नको, परस्पर त्यांनाच कळव. माझ्याने होणार नाही. दसऱ्याला अजून पंधरा दिवस आहेत आणि त्यांनी आजच केस कापून घेतलेत.