जेवताना बोलू नका

मंगळवार, जेवण झाल्यावर

पोट टम्म फुगलंय. ओवा चावत बसलेय. सकाळीच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मावशी, घास सावकाश चावा, जेवल्यावर शतपावली घाला आणि जेवताना बोलू नका, वारा पोटात जातो." बोलू नका! हे गेल्यापासून या घरात मी बोलते तरी कुणाशी? पण मान हलवली.

आज मुकाट्यानं भाकरी मोडली. माझ्याच चावण्याचा आवाज, दुसरं काहीच नाय. तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं, पुण्याहून लेक. विमा विकणारी कुणी पोरगी होती. फोन ठेवून द्यायचा, तर तोंडातून गेलं, "जेवलीस का गं?"

"नाय अजून, मावशी. डबा तसाच पडलाय."

माझ्या माहेरची, चितेगावची निघाली. मग काय, तोंडात घास आणि गप्पा. शेपूची भाजी कशी करायची, इथपर्यंत गेलो. शेवटी दबक्या आवाजात म्हणाली, "ठेवते मावशी, साहेब बघायलेत."

भाकरी वाळून गेली, शतपावली राहिली. बोलू नका म्हणे!

विमा मला घ्यायचाच नाय. तरी तिला सांगितलं, विचार करते, उद्या जेवायच्या वेळेलाच फोन कर.