पाच किलो मूग

प्रिय दर्शना,

आम्ही नऊच्या नऊ जण जिवंत आहोत. काल फोनवर तू नुसती रडलीस, मीही काही कमी रडलो नाही, त्यामुळे सांगायचं ते राहूनच गेलं. आता सौदीतल्या यनबूच्या इस्पितळात खाटेवर बसून लिहितोय.

आमची टगबोट वाळूत रुतली, मालक गायब झाला, आणि कागद पुरे होईपर्यंत बोट सोडून जायचं नाही असा बंदरवाल्यांचा हुकूम. चार महिने आम्ही किनाऱ्यावर ताडपत्रीखाली काढले. पंधरवड्याला पाण्याचा टँकर यायचा, त्यातच तांदूळ-पीठ. मासे आम्ही धरायचो. बोटीवर रांधणारा भंडारी मी, कुणाला उपाशी ठेवलं नाही म्हणून मला भारी माज होता. पण तिसऱ्या महिन्यात सगळ्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. इंजिनवाला सिराजुद्दीन तर उठेना. त्याच्या पायाची वीस वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उकलली. पोटभर जेवणारा माणूस डोळ्यांदेखत झिजत होता आणि मला काही सुचेना.

तेव्हा तुझी पिशवी आठवली. निघताना अंगणवाडीवरून आपलं वाजलं, मी ती रागानं दोनदा ट्रंकेतून काढली आणि तू तिसऱ्यांदा तळाशी कोंबलीस. पाच किलो मूग! भाजी नसेल तर मोड आणा, शिजवून गाळ करू नका, हे तुझं आयांपुढचं व्याख्यान मी नकला करून करून पाठ केलं होतं. पिण्याचं पाणी मुगाला घातलं म्हणून सगळे माझ्या अंगावर धावून आले. इथल्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी मूग बांधलेल्या माझ्या ओल्या लुंगीतून पांढरे मोड डोकावले. थोडे थोडे आम्ही सगळ्यांनी खाल्ले, सिराजुद्दीनला रोज मूठ मूठ भरवले. पंधरा दिवसांनी तो आपल्या पायांनी जाळं ओढायला आला. दर्शना, आम्ही त्या वाळूत नाचलो गं!

शेवटी कागद पुरे झाले आणि आम्हाला तपासायला इथं आणलं. इथल्या डॉक्टर शोभनाबाई साताऱ्याच्या. त्या म्हणाल्या, पूर्वी देवमासे मारणारे खलाशी बर्फात अडकून किनाऱ्यावर हिवाळा काढायचे, तेव्हा खारवलेलं मांस पोटभर असूनही ताज्या भाजीवाचून याच दुखण्यानं, स्कर्व्हीनं, जायचे. मुगाचं कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. बायकोनं, ती अंगणवाडीताई आहे, असं मी छाती फुगवून सांगितलं. आणि लगेच मान खाली गेली.

कारण निघताना तुझ्याकडून अंगणवाडीचा राजीनामा मीच लिहून घेतला होता. एवढ्याशा मानधनासाठी लोकांच्या पोरांची नाकं पुसायची नाहीत, मी परतलो की तो देऊन टाकायचा, असं बजावून. फोनवर हे बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहून शोभनाबाईंच्या फोनवरून फोटो पाठवतोय. शुक्रवारी मी घरी पोचतो. त्याआधी तो कागद फाडून टाक. सोमवारी तुझ्या पोरांची उसळ मी करणार आहे, गाळ न करता.

तुझाच,
शिरीष