बारावं गाव

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. फाडून टाकायच्या आधी एवढं वाच, की मी काही मागायला लिहीत नाहीये. मला सांगायचंय. वर्ष होत आलं, तरी अजून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. तुझी आई म्हणते, नवरदेवासारखे मिरवताय काय! पण बातमीच तशी आहे. मला पुन्हा गाडी मिळाली.

बस नव्हे. प्रवाशांनी भरलेली बस आता माझ्या हाती कुणी देणार नाही, आणि देऊही नये. ही दवाखान्याची गाडी आहे. लांबलचक, पांढरी, आत दोन खोल्या. एकीत औषधांचं कपाट आणि नर्सबाईंचं टेबल. दुसरीत दोन खुर्च्या, एक पडदा आणि भिंतीवर टीव्हीएवढी काच. त्या काचेत डॉक्टरबाई दिसतात. मनाच्या डॉक्टर. महिन्यातून दोनदा त्या स्वतः येतात, बाकीचे दिवस काचेतून बोलतात. मोठं इस्पितळ इथून नव्वद किलोमीटर. तिथवर डोकं दुखतंय म्हणून कुणी जाईल, मन दुखतंय म्हणून कोण जातं? म्हणून दवाखानाच निघाला गावोगाव. अकरा गावं, आठवड्याला एकदा प्रत्येक ठिकाणी. आणि स्टिअरिंगवर तुझा बाप.

रोज सकाळी नर्सबाई माझ्या तोंडासमोर यंत्राची नळी धरतात. मी फुंकतो. शून्य आलं की किल्ली हातात. पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मीच झाडूवाल्यापासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना बोलावून शून्य दाखवतो. शाळेत शून्य मिळालं की मार खायचो. म्हातारपणी त्याच शून्यावर नोकरी टिकून आहे.

पहिल्या गावाची गंमत ऐक. शाळेजवळ गाडी लावली, दार उघडलं, खुर्च्या मांडल्या. चिटपाखरू नाही! लोक लांबून बघत होते. ‘वेड्यांची गाडी’ असं बारसंही होऊन गेलं होतं. दोन तासांनी एक आजीबाई आल्या, त्या चष्म्याचा नंबर काढायला. चष्मा नाही म्हटल्यावर अशा बघायला लागल्या जणू आम्हीच तो लपवलाय. मग नर्सबाईंनी डोकं चालवलं. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, ‘रक्तदाब तपासून मिळेल’, आणि दाराला टांगलं. अर्ध्या तासात रांग! दंडाला पट्टा बांधला की माणूस हलू शकत नाही, आणि हलता येत नसलं की बोलतो. त्या आजीबाईच बोलल्या. मुलगा गेल्यापासून तीन वर्षं त्या अंथरुणावर नुसत्या पडून असतात, झोप नाही. घरात सगळ्यांना वाटतं, वयच झालं.

पण खरा हुकमाचा पत्ता निघाला तिसऱ्या गावचा न्हावी. तो चार दिवसांचं शिक्षण घेऊन आलाय, कुणाशी कसं बोलायचं, काय विचारायचं, कधी आमच्याकडे पाठवायचं. तसं त्याच्या खुर्चीत बसून लोक वर्षानुवर्षं मन मोकळं करतच होते, फक्त पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. आता गालाला साबण लावता लावता म्हणतो, “बुधवारी गाडीवर जाऊन या बरं का.” ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याला नाही म्हणायची कुणाची छाती? एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री असाच आला. छातीत धडधड, हातपाय गार, आता मेलोच, असं होऊन सहा वेळा नव्वद किलोमीटर धावलेला. दर वेळी हृदय ठणठणीत. घरचे म्हणायचे, नाटकं करतो. डॉक्टरबाई काचेतून म्हणाल्या, “तुम्ही खोटं बोलत नाही आहात. हा भीतीचा झटका असतो, आणि तो बरा होतो.” गडी ढसाढसा रडला. मेकॅनिक माणूस, त्याला बिघाडाचं नाव कळायला हवं होतं, एवढंच. परवा गॅरेज उघडलं त्याने. मला बोलावून गाडीचं इंजिन तपासून दिलं, आणि वर ऐकवलं की मी क्लच फार दाबतो!

दारू सोडायची म्हणून येणाऱ्यांना डॉक्टरबाईंची तपासणी झाली की माझ्याकडे धाडतात. माझं काम गाडी चालवायचं, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही जे सांगू शकता ते माझ्या पुस्तकात नाही. मग आम्ही झाडाखाली बसतो आणि मी त्यांना तुझ्या परीक्षेचा दिवस सांगतो.

तुला न विचारता सांगतो, हे कबूल. पण नाव घेत नाही कुणाचं. एवढंच सांगतो, की पोरीने वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला होता. बापाने शपथेवर सांगितलं होतं, मी स्वतः स्कूटरवर सोडतो. आणि बाप चहा घेऊन येतो म्हणून जो गेला तो अकरा वाजता डेपोच्या मागे सापडला, स्कूटर आडवी, चप्पल एकाच पायात. पोरगी सात किलोमीटर चालत गेली. परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. घरी येऊन ओरडली असतीस तर बरं झालं असतं ग. तू फक्त कपडे भरलेस आणि मावशीकडे गेलीस. हे सांगून झालं की झाडाखाली एकेक जण आपापला दिवस सांगायला लागतो. प्रत्येकाचा एक असतोच.

तुला वाटेल, बापाला त्या दिवशी उपरती झाली. छे! उपरती वगैरे काही नाही. त्यानंतर नोकरी जाईपर्यंत प्यालो, आणि गेल्यावर जास्तच. सुटलो ते तुझ्या आईमुळे. आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ती गुपचूप एकटी गेली. म्हणाली, चहात मिसळायची गोळी द्या, त्यांना कळणार नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्यांच्या नकळत मी काहीच देणार नाही. पण तुम्ही बसा. तुम्हाला झोप येते का?” तीस वर्षांच्या संसारात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. ती चार वेळा गेली. पाचव्या वेळी मी गेलो, तो भांडायला. माझ्या बायकोला काय शिकवता, म्हणून टेबलावर हात आपटला. त्यांनी खुर्ची पुढे केली. हात थरथरतोय हे त्यांनी बघितलं होतं. एकदम सोडू नका, जिवावर बेतेल, म्हणाल्या, आणि इस्पितळात दाखल केलं. नंतर सात महिन्यांनी एकदा घसरलो. लपवलं नाही, परत गेलो. त्यालाही आता दोन वर्षं दोन महिने झाले.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. आई गेल्या रविवारी तुझ्याकडून आली आणि पिशवी न ठेवताच खाली बसली. म्हणाली, बाळ झोपलं तरी आपली भिंगरी झोपत नाही. खिडकीशी बसते, केस विंचरत नाही, आंघोळीला काढलेलं पाणी गार होऊन जातं. आणि तू तिला म्हणालीस म्हणे, की हे बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी पोटी यायला हवं होतं. जावईबापू भले आहेत, पण त्यांना वाटतं थकवा आहे. बाळा, हा थकवा नाही, आणि तू वाईट आईही नाहीस. बाळंतपणानंतर असं येतं, त्याला नाव आहे, औषध आहे. अशा तिघी माझ्या गाडीत रडत चढल्या आणि काही महिन्यांनी पोराला कडेवर घेऊन, नर्सबाईंशी हुज्जत घालत उतरल्या. मी बघितलंय ग! आणि शुक्रवारी नवी यादी आली. गाडीला एक गाव वाढवून दिलंय, बारावं. मी तीनदा वाचलं. तुझं गाव! मी शब्दही टाकला नव्हता. येत्या गुरुवारी सकाळी दहाला, पाण्याच्या टाकीजवळ. गुरुवारपर्यंत थांबणं झालं नाही, किंवा जिवाचं काही बरंवाईट मनात आलं, तर लगेच जावईबापूंना उठव आणि या पानामागे लिहिलेला नंबर फिरव; नर्सबाई दिवसा-रात्री कधीही उचलतात. आई गुरुवारी येईल, बाळाला घेईल. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. गाडीचं दार मागच्या बाजूला आहे, चालकाच्या खुर्चीवरून कोण चढलं ते दिसत नाही. तेवढंही नको असेल तर आईजवळ ‘नको’ एवढंच बोल. रुग्णवाहिकेचा चालक त्या दिवशी माझ्याऐवजी यायला तयार आहे, त्याला विचारून ठेवलंय. मी नसलो तरी चालेल. तू ये.

तुझाच,
बाबा